एक मिलिमीटरचा कृमी आणि केआयएफ१ए जनुकातील एका अक्षराचा बदल

एका वडिलांचा प्रश्न आहे. त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीचे पाय ताठ राहतात, ती चवड्यांवर चालते आणि वारंवार तोल जाऊन पडते. जनुकीय तपासणीत केआयएफ१ए या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एका प्रतीत एकच अमिनो आम्ल बदललेले आढळले, परंतु अहवालात त्यापुढे 'महत्त्व अनिश्चित' असा शेरा आहे. एका संशोधन गटाने हा बदल सूत्रकृमीमध्ये घालून पाहण्याची तयारी दाखवली आहे. 'एवढ्याशा किड्यावरून माझ्या मुलीच्या मेंदूबद्दल काय कळणार, त्यातून औषध निघेल का, आणि किती वेळ लागेल?' असे त्यांनी विचारले आहे. चेतापेशींमधील वाहतूक हा माझ्या कामाचा विषय असून ते काम मी वर्षानुवर्षे याच कृमीवर करीत आलो आहे, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हा कृमी आपल्या मुलीच्या आजाराचे निदान करणार नाही. ते काम बालमज्जातज्ज्ञांचे आणि जनुकतज्ज्ञांचे आहे. कृमीला आपण एकच प्रश्न विचारू शकतो, पण तो अतिशय नेमका विचारू शकतो: या एका अमिनो आम्लाच्या बदलामुळे या प्रथिनाचे काम बिघडते का, आणि बिघडत असेल तर कोणत्या दिशेने? काम कमी होते, नको तेव्हाही चालू राहते, की बिघडलेले प्रथिन शेजारच्या चांगल्या प्रथिनालाही अडवून धरते? या तीन शक्यता अहवालात एकाच ओळीत मावतात, परंतु उपचाराच्या दृष्टीने त्यांची तोंडे वेगवेगळ्या दिशांना आहेत. माझ्या मते कृमीचा खरा उपयोग ही दिशा ठरवण्यासाठी आहे. केवळ 'दोषी की निर्दोष' एवढेच विचारायचे असेल तर त्याहून स्वस्त आणि लवकर होणारी एक तपासणी आहे. तिच्याकडे मी पुढे येतोच.

केआयएफ१ए हे जनुक मनुष्याच्या दुसऱ्या गुणसूत्रावर असून त्यापासून तयार होणारे प्रथिन हे चेतापेशीतील मालवाहू यंत्र आहे. चेतापेशीची बहुतेक प्रथिने पेशीच्या मुख्य भागात तयार होतात, पण त्यांची गरज असते ती लांबलचक अक्षतंतूच्या, म्हणजे पेशीतून निघणाऱ्या लांब धाग्याच्या टोकाशी, जेथे ती पुढच्या पेशीला संदेश देते त्या चेतासंधीपाशी. तेथे रासायनिक संदेश साठवणाऱ्या पुटिकांची, म्हणजे सूक्ष्म पिशव्यांची, सामग्री केआयएफ१ए सूक्ष्मनलिकांच्या रुळांवरून, एका वेळी ८ नॅनोमीटरचे पाऊल टाकत, वाहून नेते. सेकंदाला साधारण एक मायक्रोमीटर हा वेग धरला, तर प्रौढ माणसाच्या कण्यापासून पावलापर्यंतचे जवळजवळ एक मीटर अंतर न थांबता कापायला अकरा-बारा दिवस लागतील. पायांकडे जाणाऱ्या लांब तंतूंना अशा बिघाडाचा फटका आधी बसतो असे मानले जाते, ते या हिशेबामुळेच. या जनुकातील दोषांमुळे होणारे आजार एकसारखे नसतात. काहींना केवळ पायांचा ताठरपणा असतो, काहींना बौद्धिक विकासातील अडचण, अपस्मार, दृष्टिचेतेचा क्षय किंवा लघुमेंदूचा ऱ्हासही असतो.

आता कृमीकडे वळू. सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स हा मातीत आणि कुजणाऱ्या फळांवर राहणारा, जीवाणू खाणारा निरुपद्रवी सूत्रकृमी आहे. जंतांच्या औषधाने आपण ज्यांना पोटातून घालवतो त्यांचा हा दूरचा नातेवाईक, एवढेच. सिडनी ब्रेनर यांनी १९६०च्या दशकात तो प्रयोगशाळेत आणला. प्रौढ उभयलिंगी कृमीच्या शरीरात ९५९ कायिक (प्रजननपेशी सोडून इतर) पेशी असतात आणि त्यांपैकी ३०२ चेतापेशी. त्या कोणाशी कशा जोडलेल्या आहेत याचा आराखडा १९८६ साली प्रसिद्ध झाला. अंड्यापासून अंडी घालणारा प्रौढ होण्यास त्याला साडेतीन दिवसांच्या आसपास लागतात, एक कृमी सुमारे ३०० पिले देतो, आणि शरीर पारदर्शक असल्यामुळे जिवंत कृमीच्या चेतापेशीत चमकणारे प्रथिन कोठून कोठे चालले आहे हे सूक्ष्मदर्शकातून थेट पाहता येते.

आपल्या प्रश्नासाठी यापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की केआयएफ१एचे समकक्ष जनुक या कृमीत आहे आणि त्याचा शोध माणसातील जनुकाच्या आधी लागला. ब्रेनर यांनी १९७४च्या शोधनिबंधात वेड्यावाकड्या चालीच्या उत्परिवर्तित कृमींचे वर्णन केले. केआयएफ१एचे समकक्ष असलेले 'अंक-१०४' हे जनुक अशाच कृमींतून ओळखले गेले. मराठी विद्यार्थ्यांना हे नाव पहिल्यांदा ऐकताना हमखास 'क्रमांक' वाटते. प्रत्यक्षात ते 'अनकोऑर्डिनेटेड', म्हणजे ज्याच्या हालचालींचा मेळ बसत नाही, या इंग्रजी शब्दाचे लघुरूप आहे. १९९१ साली हे जनुक एका कायनेसिनचे, म्हणजे सूक्ष्मनलिकांवरून चालणाऱ्या प्रथिनाचे, असल्याचे कळले आणि हॉल व हेजकॉक यांनी दाखवले की ते बिघडले की चेतासंधीच्या पुटिका पेशीच्या मुख्य भागातच साचून राहतात, टोकापर्यंत पोहोचतच नाहीत. उंदरातील केआयएफ१एचे वर्णन जपानमधील हिरोकावा यांच्या गटाने १९९५ साली केले, आणि माणसातील आजाराशी त्याचा संबंध २०११ साली पुढे आला. एखादा बदल कृमीत घालून पाहणे हा म्हणूनच हवेतला तर्क नाही. हे यंत्र तेथे काय करते आणि बंद पडले की नेमके काय दिसते हे आम्हाला दीर्घकाळ ठाऊक आहे. या वाहतुकीवर मुंबईतही मोलाचे काम झाले आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संध्या कौशिका यांच्या गटाने २०१० साली दाखवले की हे मोटर-प्रथिन मालाला नीट चिकटले नाही, तर पेशी त्याचा निचरा करते. याचा व्यावहारिक अर्थ असा की एखाद्या बदलाने प्रथिनाची चाल शाबूत राहूनही त्याचे प्रमाण घटू शकते, आणि जो गट फक्त चाल मोजतो त्याच्या हातून अर्धी गोष्ट निसटते.

प्रत्यक्ष प्रयोग कसा होतो ते सांगतो. प्रथम मनुष्याचे आणि कृमीचे प्रथिन अमिनो आम्लांच्या क्रमाने शेजारी मांडून आपल्या मुलीत बदललेले आम्ल कृमीतही तेच आहे का हे पाहतात. क्रमांक जुळत नाहीत, याचा गोंधळ करून घेऊ नये: मनुष्यातील ३०५वे प्रोलिन कृमीत २९८वे असते आणि मनुष्यातील २५४वे आर्जिनिन कृमीत २५१वे. केआयएफ१एमधील रोगकारक बदल बहुतांशी प्रथिनाच्या सुरुवातीच्या, म्हणजे पावले टाकणाऱ्या भागात आढळतात आणि तो भाग दोन्ही प्राण्यांत पुष्कळसा सारखा आहे. तेथील आम्ल जुळले तर काम सोपे होते. न जुळल्यास कृमीचे स्वतःचे जनुक बिघडवून त्यात मनुष्याचे जनुक घालण्याचा मार्ग उरतो. मनुष्याचे केआयएफ१ए कृमीतील उणीव भरून काढू शकते हे दाखवले गेले आहे.

त्यानंतर क्रिस्पर या जनुकात नेमका बदल करण्याच्या पद्धतीने कृमीच्या जननग्रंथीत अतिशय बारीक काचेच्या सुईने कापणारे प्रथिन, त्याला वाट दाखवणारा आरएनए आणि हवा तो बदल असलेला डीएनएचा छोटा तुकडा सोडतात. पिलांमधून बदल झालेले कृमी शोधून त्यांच्या डीएनएचा क्रम वाचतात आणि मूळ वाणाशी पुन्हा पुन्हा संकर करून अवांतर बदल धुऊन काढतात. हा संकराचा टप्पा कंटाळवाणा असतो आणि घाईत नेमका तोच गाळला जातो. आमच्याकडे एकदा एका नव्या वाणाची चाल इतकी वाईट निघाली की सगळे खूश झाले. चार संकरांनंतर चाल सुधारली, कारण दोष दुसऱ्याच एका जनुकात होता. तेव्हापासून स्वतंत्रपणे तयार केलेले निदान दोन वाण सारखे वागल्याशिवाय मी कोणताही आकडा लिहून ठेवत नाही.

वाण तयार झाला की मोजमापे सुरू होतात. द्रवाच्या थेंबात सोडलेला निरोगी कृमी एका मिनिटात शंभराच्या आसपास वेळा अंग वळवतो, तर अंक-१०४ बिघडलेला कृमी जेमतेम हलतो. अल्डिकार्ब हे कार्बामेट वर्गातील कीटकनाशक असलेल्या अगरवर, म्हणजे कृमी वाढवण्याच्या जेलीसारख्या थरावर, कृमी ठेवले, की स्नायूंना आकुंचनाचा संदेश देणारे ॲसिटिलकोलिन साचून निरोगी कृमी काही तासांत आखडून लुळे पडतात. ज्यांच्या चेतासंधीतून रसायन कमी सुटते ते जास्त वेळ तग धरतात. तिसरे आणि मला सर्वांत विश्वासार्ह वाटणारे मोजमाप म्हणजे पुटिकांवर हिरवे चमकणारे प्रथिन लावून त्या टोकाशी किती पोहोचल्या आणि मागे किती अडकल्या हे थेट पाहणे. हे सर्व मोजणाऱ्या व्यक्तीला कोणती प्लेट कोणत्या वाणाची आहे हे माहीत नसावे. आपण स्वतः बनवलेला कृमी लंगडताना पाहण्याची इच्छा माणसाच्या डोळ्यांना फसवते. हे मी अनुभवाने सांगतो.

आता दिशेच्या प्रश्नाकडे येतो. आपल्या मुलीच्या दोन प्रतींपैकी एक चांगली आहे. मग एक चांगली प्रत असूनही आजार का व्हावा? एक शक्यता अशी की निम्मे प्रथिन पुरत नाही. दुसरी शक्यता समजण्यासाठी हे ध्यानात घ्यावे लागते की केआयएफ१ए माल ओढताना दोघांच्या जोडीने चालते. गोठ्यातील निम्मे बैल गेले तर उरलेल्यांच्या जोड्या लावून निम्म्या गाड्या तरी चालतात. पण निम्मे बैल लंगडे असून जोड्या न पाहता जुंपल्या, तर दोन्ही बैल धड असलेली जोडी चारांत एकच निघते. उरलेल्या तीन जोड्यांत कोठे ना कोठे लंगडा बैल असतो आणि त्याच्या जोडीदाराची ताकदही वाया जाते. बिघडलेल्या प्रथिनाने चांगल्यालाही असे अडवणे याला जनुकशास्त्रात प्रभावी-विघातक परिणाम म्हणतात.

कृमीमध्ये या दोन शक्यता अगदी स्वच्छपणे वेगळ्या करता येतात. ज्याची एक प्रत पूर्ण निकामी आणि दुसरी चांगली आहे असा कृमी जवळजवळ निरोगी दिसतो. आता निकामी प्रतीच्या जागी आपल्या मुलीतील बदल असलेली प्रत ठेवा. कृमीची वाहतूक बिघडली, तर दोष 'कमी पडण्याचा' नसून 'अडवण्याचा' आहे. जपानमधील तोहोकु विद्यापीठातील शिन्सुके निवा यांच्या गटाने २०२२ साली नेमका हाच प्रयोग केला. रुग्णांमध्ये प्रथमच उद्भवलेले, म्हणजे आईवडिलांत नसलेले बदल त्यांनी अंक-१०४मध्ये घातले. त्यांत वर उल्लेख केलेले प्रोलिन आणि आर्जिनिन यांचे बदल होते. दोन्ही प्रती बदललेल्या कृमींतच नव्हे, तर एकच प्रत बदललेल्या कृमींतही वाहतूक घटलेली दिसली. शिवाय एक चांगले आणि एक बिघडलेले अशी मिश्र जोडी काचेवर चालवून पाहिली तेव्हा त्या जोडीची चालही स्पष्टपणे बिघडलेली आढळली. म्हणून आपल्याकडे आलेल्या संशोधन गटाला पहिला प्रश्न हा विचारावा की ते एकच प्रत बदललेले कृमी तपासणार आहेत का. या कृमीचे उभयलिंगी प्राणी स्वतःच स्वतःचे फलन करतात, त्यामुळे दोन्ही प्रती बदललेले कृमी आपोआप मिळत राहतात, तर एकच प्रत बदललेले मिळवण्यासाठी दर वेळी नरांशी संकर करावा लागतो. सोय पहिल्यात आहे, पण आपल्या मुलीची स्थिती दुसऱ्यात आहे.

दिशा नेहमी इतकी सरळ निघत नाही. हे मोटर-प्रथिन माल नसताना स्वतःवर दुमडून थांबलेले असते. निवा यांच्याच गटाने २०१९ साली दाखवले की ताठर पायांच्या आजाराशी जोडलेले काही बदल हा लगाम सैल करतात आणि वाहतूक वाजवीपेक्षा वाढवतात. त्यांपैकी एक म्हणजे आठव्या जागेवरील व्हॅलिनऐवजी मेथिओनिन. पुढे २०२१ साली दुसऱ्या एका गटाने प्रकाशकिरणांच्या चिमट्याने हेच प्रथिन ओढून पाहिले, तेव्हा लगाम सुटल्याचे त्यांनाही दिसले, पण त्याची ओढण्याची ताकद मात्र बरीच घटलेली होती आणि वेगही कमी होता. लगाम सुटलेला पण अंगात बळ नसलेला असा हा बैल आहे. त्याला 'जास्त काम करणारा' म्हणायचे की 'कमी काम करणारा', हे आपण काय मोजतो यावर ठरते. एकाच चाचणीच्या जोरावर कोणी दिशा ठामपणे सांगू लागला तर मी सावध होतो, ते अशा उदाहरणांमुळे.

कृमीचा निकाल वैद्यकीय अहवालात कितपत चालतो, हाही प्रश्न आहेच. २०१५ सालच्या अमेरिकन मार्गदर्शक तत्त्वांनुसार जनुकीय बदलांचे पाच वर्ग केले जातात आणि प्रयोगशाळेतील कार्यचाचणी हा त्यातील पुराव्याचा एक भाग असतो. पुढे असेही ठरले की अशा चाचणीला मध्यम वजन द्यायचे, तर काटेकोर सांख्यिकी विश्लेषण नसल्यास रोगकारक आणि निरुपद्रवी म्हणून आधीच सिद्ध झालेले मिळून किमान ११ बदल त्याच चाचणीतून गेलेले असावेत. केवळ आपल्या मुलीचा बदल आणि एक निरोगी वाण एवढेच तपासणाऱ्या गटाचा निकाल शास्त्रीयदृष्ट्या रंजक असेल, पण शेरा बदलण्यास पुरणार नाही. तो गट निरुपद्रवी बदलही तपासतो का, हे विचारावे. माझ्या पाहण्यात सर्वाधिक कंजुषी तेथेच होते. चाचणी 'बिघडले' असे सांगू शकते, हे सिद्ध करायला सगळे तयार असतात. ती 'ठीक आहे' असेही सांगू शकते, हे दाखवायला वेळ कोणाकडे नसतो.

आणि म्हणूनच, कृमीच्या आधी आपण उभयता पालकांची त्या एका जागेची तपासणी करून घ्यावी. हीच ती स्वस्त तपासणी. आपल्या दोघांतही तो बदल नसेल आणि पालकत्वाची खात्री असेल, तर मुलीत तो नव्याने उद्भवलेला आहे, आणि केआयएफ१एसारख्या जनुकात हा स्वतःच मोठा पुरावा ठरतो. उलट तो बदल आपल्यापैकी एकात असेल आणि ती व्यक्ती धडधाकट असेल, तर विचाराची दिशाच पालटते. कृमीला काही महिने लागतात, ही तपासणी काही आठवड्यांत होते.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. कृमीच्या तंतूंवर मायलिनचे, म्हणजे चेतातंतूंभोवतीचे स्निग्ध, आवरण नसते, त्यामुळे त्या आवरणाचे आजार त्याच्यात पाहता येत नाहीत. त्याच्यात विद्युतदाबाने उघडणारी सोडियम वाहिनी मुळीच नाही. ड्रावे या बालपणीच्या गंभीर अपस्माराच्या आजारातील एससीएन१ए या सोडियम वाहिनीच्या जनुकाचे बदल म्हणूनच या मार्गाने तपासता येत नाहीत. जनुकाचे तुकडे जोडण्याच्या जागी झालेला बदल असेल, तरीही कृमी उपयोगी नाही, कारण त्याच्या जनुकातील त्या जागा वेगळ्या असतात. आणि ज्याचे संपूर्ण शरीर एक मिलिमीटरचे आहे, त्याला एक मीटरच्या तंतूचे कष्ट कसे कळणार? मनुष्यात जाणवणारा सौम्य दोष कृमीत दिसलाच नाही, असे होऊ शकते. 'कृमी ठीक आहे' या निकालाला त्यामुळे 'कृमी बिघडला आहे' याइतके वजन देऊ नये.

औषधाबद्दल. येथेच दिशेचे महत्त्व कळते. दोष अडवणूक करणाऱ्या प्रथिनाचा असेल, तर बिघडलेल्या प्रतीचा संदेश तेवढा गप्प करणे हा विचार सुसंगत ठरतो. २०२४ साली ३०५व्या प्रोलिनचा बदल असलेल्या एका रुग्णाला अशा प्रकारचे, त्या एका व्यक्तीसाठी तयार केलेले औषध दिल्याचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला आहे. पण दोष निव्वळ कमतरतेचा असेल, तर गप्प करण्यातून काहीच हाती लागणार नाही. तेथे प्रथिन वाढवावे लागेल. बिघडलेले प्रथिन नीट घडी न पडल्यामुळे नष्ट होत असेल, तर तिसराच मार्ग निघतो. एसटीएक्सबीपी१ या दुसऱ्या जनुकाच्या आजारात हेच घडले: २०१८ साली चेतापेशी आणि कृमी या दोहोंत दिसले की युरिया चक्राच्या (शरीरातील अमोनियाच्या निचऱ्याच्या) विकारांसाठी आधीपासून वापरात असलेले फेनिलब्युटिरेट ती घडी सावरण्यास मदत करते, आणि त्यानंतर ते मुलांमध्ये तपासले जाऊ लागले. आणखी एक शक्यता मला विशेष आवडते. निवा यांच्या २०२२च्या कामात आजाराचा बदल असलेल्या कृमींत यादृच्छिक उत्परिवर्तने घडवून, चाल सुधारलेले कृमी वेचून काढले गेले आणि त्यातून मनुष्याच्या बिघडलेल्या केआयएफ१एची चाल सावरणारा एक दुसरा बदल सापडला. हे औषध नव्हे. पण प्रथिनाच्या कोणत्या कोपऱ्याला धरले असता ते पुन्हा चालू लागते, हे त्यावरून कळते. एखाद्या रसायनाने कृमी सुधारला म्हणून ते मुलीला देण्याचा विचार मात्र कोणत्याही परिस्थितीत करू नये, आणि तसे सुचवणाऱ्याचे ऐकू नये. कृमीच्या अगरमधील मात्रेचा मुलाच्या रक्तातील मात्रेशी थेट संबंध लावता येत नाही.

वेळेचे म्हणाल तर बदल घालून वाण स्वच्छ करण्यास दोन-तीन महिने आणि मोजमापांना तितकेच, असा माझा अंदाज असतो. पावसाळ्यात प्लेटवर बुरशी चढली की त्यात भर पडते. संशोधन गटाला अहवालाची प्रत देताना केवळ बदलाचे नाव न देता तो जनुकाच्या कोणत्या संदर्भ-प्रतीवर मोजला आहे तो क्रमांकही द्यावा, नाहीतर भलत्याच जागेवरचे आम्ल बदलले जाण्याचा धोका असतो. मुलीचे नाव किंवा छायाचित्र देण्याची गरज नसते. आणि एक विनंती त्यांना लेखी करावी: काम संपल्यावर तो वाण अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या सीनोऱ्हॅब्डायटिस जेनेटिक्स सेंटरमध्ये ठेवायला द्यावा. हे कृमी द्रवरूप नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षे गोठलेले राहतात आणि वितळवले की पुन्हा चालू लागतात, त्यामुळे उद्या कोणी नवे रसायन तपासायला निघाले, तर आपल्या मुलीतील नेमका तोच बदल असलेला कृमी त्याला नव्याने बनवावा लागणार नाही.